वेड्याची साक्ष

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कोणी हंसेल, कोणी भुवया चढवील. पलूससारख्या गांवीं उभी हयात मुलांना बेरीज-वजाबाकी आणि व्याकरण शिकविण्यांत घालविलेला एक निवृत्त शिक्षक आज विलायतेंतील एका खुनाची आणि त्याचा तपास लावणाऱ्या गुप्तपोलिसाची गोष्ट सांगावयास बसला आहे. मास्तरांना हें काय सुचलें, असें तुम्हांस वाटणें साहजिक आहे. परंतु या गोष्टीचें एक टोंक विलायतेंत असलें तरी दुसरें आमच्या कृष्णाकांठच्या मळ्यांत, किंबहुना आमच्या घराच्या ओट्यावरच आहे. तें टोंक हातीं लागेपर्यंत थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

आमच्या गांवाच्या शेजारींच किर्लोस्करवाडी. १९१० सालीं लक्ष्मणरावांनीं तेथील माळावर कारखाना वसविला आणि १९२० पासून तेथूनच किर्लोस्करांचें मासिक निघूं लागलें. त्यामुळें छापील अक्षराची ओढ आमच्या भागांत जुनी. माझ्या लहानपणीं बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा या हातांतून त्या हातांत अशा फिरत कीं, पुस्तकांचीं पानें सुटत. झुंजार आणि काळा पहाड हे आमचे जिवलग. त्यांचा एक विशेष असा कीं, कितीही गोळ्या झडोत, कितीही प्रेतें पडोत, नायक रात्रीं सुखानें झोंपत असे. तीच गोष्ट शेरलॉक होम्सच्या कथांची. त्याचा सोबती डॉक्टर वॉटसन अफगाण युद्धांत जखमी होऊन परतलेला होता, हें आपण वाचतों. पण ती जखम एका कथेंत खांद्याला असते, दुसरींत पायाला. याखेरीज त्या युद्धाचा कथेला फारसा उपसर्ग होत नाहीं.

आज ज्याची गोष्ट सांगावयाची, तो गुप्तपोलीस मात्र सुखानें झोंपूं शकत नाहीं. त्याचें नांव इयन रटलेज. चार्ल्स टॉड या टोपणनांवानें लिहिणाऱ्या अमेरिकेंतील एका माय-लेकांनीं १९९६ सालीं 'अ टेस्ट ऑफ विल्स' ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि पुढें या एकाच नायकावर वीसांहून अधिक पुस्तकें लिहिलीं. पहिल्या कादंबरीचा काळ १९१९ च्या जून महिन्याचा आहे. पहिलें महायुद्ध थांबून जेमतेम सात महिने झाले आहेत. वॉरिकशायर परगण्यांतील एका खेड्यांत, सकाळीं घोड्यावरून रपेटीस निघालेल्या कर्नल हॅरिस नांवाच्या प्रतिष्ठित गृहस्थाचा कोणीतरी बंदुकीनें खून करतो. संशय जातो तो व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेल्या एका वैमानिकावर. आणि कर्नलच्या छत्राखालीं वाढलेल्या मुलीशींच त्याचा विवाह ठरलेला! असल्या माणसाच्या हातांत बेड्या घालण्यास स्थानिक पोलीस धजत नाहींत, आणि लंडनच्या स्कॉटलंड यार्डांतून रटलेजची रवानगी होते.

हा रटलेज युद्धापूर्वीं बुद्धिमान तपासनीस म्हणून नांवाजलेला. पण मधलीं चार वर्षें त्यानें फ्रान्समधील खंदकांत काढलीं आहेत. १९१६ च्या सोमच्या लढाईंत हॅमिश मॅक्लाउड नांवाचा त्याच्या हाताखालचा एक स्कॉटिश कॉर्पोरल, उरलेल्या जवानांना मशीनगनच्या तोंडीं पुन्हां नेण्याचें साफ नाकारतो. लष्करी शिस्तीपुढें रटलेजचा इलाज चालत नाहीं. स्वतःच्या भल्या आणि शूर सोबत्याला गोळ्या घालण्याचा हुकूम त्याला द्यावा लागतो. इतकेंच नव्हे, तर प्राण जाईना म्हणून शेवटची गोळीही त्यालाच झाडावी लागते. त्याच वेळीं तोफेचा गोळा पडून सारे मातीखालीं गाडले जातात. रटलेज वांचतो, तो हॅमिशच्या प्रेताच्या आडोशानें. तेव्हांपासून हॅमिशचा आवाज त्याच्या डोक्यांत राहावयास आलेला आहे. मोटार चालवीत असतांना तो मागच्या बैठकीवरून बोलतो, साक्षीदाराची जबानी घेतांना खांद्यामागून टोमणे मारतो. आपल्याकडे यालाच झपाटणें म्हटलें असतें. पण लेखकांनीं भूत दाखविलेलें नाहीं. हॅमिश मेलेला आहे, हें रटलेजला पुरतेपणीं ठाऊक आहे. आवाज मात्र थांबत नाहीं, हीच त्याची व्यथा. आणि ही व्यथा कोणास कळली तर नोकरी गेली, हें भय वेगळें.

खुनी कोण, तें मी सांगणार नाहीं. ज्यांना पुस्तक वाचावयाचें असेल, त्यांचा आनंद हिरावून घेण्याचा मला अधिकार नाहीं. मला सांगावयाचें आहे तें खुन्याविषयीं नाहींच. तें एका साक्षीदाराविषयीं आहे. वैमानिक आणि कर्नल यांना खुनाच्या दिवशीं सकाळीं वाटेंत भांडतांना पाहिलें असें सांगणारा त्या गांवांत एक जण असतो. त्याचें नांव हिकम. हाही लढाईवरून परतलेला. दारूच्या आहारीं गेलेला, आणि आपण अद्याप आघाडीवरच आहों असें कधीं कधीं समजणारा. व्हिक्टोरिया क्रॉसवाल्या वीराविरुद्ध या भ्रमिष्टाचा शब्द! गांव हंसतें. आणि खरा पेंच पडतो तो रटलेजपुढें. हिकमचें सांगणें भ्रम म्हणून टाकून द्यावें, तर स्वतःच्या बुद्धीवर तरी विश्वास कोणत्या तोंडानें ठेवावा? तें खरें मानावें, तर एका वेड्यानें दुसऱ्या वेड्याची री ओढली, असें जग म्हणणार.

हा पेंच कादंबरीकारांनीं हवेंतून काढलेला नाहीं. खंदकांतील अखंड तोफमाऱ्यानें अंगावर ओरखडाही नसलेले सैनिक मुके, बहिरे, लुळे झाल्यासारखे दिसूं लागले, तेव्हां डॉक्टर चक्रावून गेले. १९१५ च्या फेब्रुवारींत चार्ल्स मायर्स या डॉक्टरानें लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रांत या विकाराचें वर्णन 'शेल शॉक' या नांवाखालीं केलें आणि तें नांव रूढ झालें. युद्ध संपेपर्यंत एकट्या ब्रिटिश फौजेंत अशा रोग्यांची संख्या सुमारें ८०,००० झाली. प्रारंभीं समजूत अशी कीं, गोळ्याच्या दणक्यानें मेंदूला इजा होते. पण तोफेच्या जवळपासही न गेलेल्यांना तोच विकार जडूं लागला, तेव्हां घाव मनावर आहे हें हळूहळू उमगलें. एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट येथील इस्पितळांत रिव्हर्स नांवाचे डॉक्टर होते. हेच रिव्हर्स पूर्वीं आपल्या निलगिरींतील तोडा लोकांत राहून गेलेले. त्यांच्यावरील रिव्हर्सांचा ग्रंथ १९०६ चा आहे. रिव्हर्सांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, भयंकर आठवण दडपून ठेवल्यानें ती मरत नाहीं, उलट रात्रीं दार ठोठावते. म्हणून रोग्याला बोलतें करावें आणि त्याचें शांतपणें ऐकून घ्यावें.

परंतु सर्वांच्या वांट्यास असे डॉक्टर आले नाहींत. पळपुटेपणा, भेकडपणा असल्या आरोपांखालीं ज्यांना त्यांच्याच सैन्यानें पहांटे गोळ्या घातल्या, अशा ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारनें २००६ सालीं मरणोत्तर माफी दिली. मधें नव्वद वर्षें गेलीं. त्यांच्या बायकामुलांनीं तीं कोणत्या मानहानींत काढलीं असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

आतां कोणी म्हणेल, हें सारें साहेबाचें दुखणें. आपला त्याच्याशीं काय संबंध? तर एक शब्द सांगतों. डोकें फिरलेल्या माणसाला इंग्रजींत बोलीभाषेंत 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली! तेथें गोऱ्या शिपायांची मोठी छावणी असे. हिंदुस्थानांतील नोकरीची मुदत संपलेले शिपाई तेथें येत आणि मायदेशीं नेणाऱ्या जहाजाची वाट पाहात उन्हाळापावसाळा काढीत. तेथील उकाडा, रिकामपण आणि ताप यांनीं कित्येकांचें चित्त ढळे. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणूं लागले; त्यांतला 'टॅप' म्हणजे आपला ताप. महाराष्ट्रानें इंग्रजी भाषेला दिलेल्या शब्दांत लढवय्याच्या वेडाचा एक शब्द आहे, हें किती जणांच्या ध्यानांत असेल?

गोऱ्यांच्या वेडाला निदान नांव तरी मिळालें. आपल्या माणसांचें काय? आमच्या जुन्या सातारा जिल्ह्यांतून लष्करांत जाण्याची परंपरा मोठी. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गांवच्या नांवापुढें 'मिलिटरी' हा शब्दच जडला आहे. पहिल्या महायुद्धांत त्या एका गांवचे ४६ जवान कामास आले. इराकांतील कुत येथें तुर्कांनीं १९१५ च्या डिसेंबरांत वेढा घातला, तेव्हां आंत अडकलेल्या पुणे डिव्हिजनमध्यें मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपलें, घोड्याचें मांस खाण्यास हिंदी शिपायांनीं धर्मबुद्धीनें फार दिवस नकार दिला आणि ते उपासमारीनें खंगले. २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागति झाली आणि त्यापुढें वाळवंटांतील पायपीट व कैद. त्यांतून जे परतले, ते आपापल्या वाड्यावस्त्यांवर येऊन पुन्हां औताला लागले. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर, आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीं नांवें आपण अभिमानानें घेतों, आणि घ्यावींतच. पण त्याच डोंगरांतून धड शरीरानें आणि फाटलेल्या मनानें जे घरीं आले, त्यांच्यासाठीं आमच्या खेड्यांत तीनच शब्द होते: लागीर, बाधा आणि खूळ. उपाय एकच, देवऋषी.

आतां मीं सुरुवातीस म्हटलेलें दुसरें टोंक. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही मुलें आबा म्हणत असूं, बेळगांवास मराठा पलटणींत भरती होऊन इटलींत लढले आणि १९४६ सालीं परत आले. माझा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांचा. मीं पाहिलेले आबा म्हणजे उंच, मितभाषी, सदा दाढी केलेले गृहस्थ. शेजारच्या मळ्यांत विहिरीचे सुरुंग उडूं लागले कीं ते असतील तेथें पालथे पडत. दिवाळींत फटाके सुरू होण्याआधीं घोंगडी घेऊन दूर माळावर निघून जात. रात्रीं त्यांना झोंप नसे. हातांत काठी घेऊन ते शिवारभर फिरत आणि पहांटे येऊन ओट्यावर बसत. माझी आजी त्यांना चहा देई, आणि ते तिला रात्रीचा सारा अहवाल सांगत: कोणाचा पाट फुटला, कोणाचें जनावर सुटलें, कोणत्या मळ्यांत कोल्हे आले. आम्ही पोरें पांघरुणांत तोंड दाबून हंसत असूं.

मी दहा वर्षांचा असतांनाची गोष्ट. फाल्गुनांतल्या एका रात्रीं आमच्या शेजाऱ्यांची कडब्याची गंज जळून खाक झाली. जनावरांची वर्षाची वैरण गेली, म्हणजे नुकसान थोडें नव्हे. मालकाचा संशय सालगड्यावर गेला, कारण दोनच दिवसांपूर्वीं मजुरीवरून दोघांचा खटका उडाला होता. गांवचे पंच जमले. आबा तेथें गेले आणि म्हणाले, "कुणी लावली न्हाई. गुऱ्हाळाच्या चुलवाणातनं ठिणग्या उडत हुत्या. वारा मावळतीकडनं हुता. तीन ठिणग्या गंजीवर पडल्या, मी बघितल्या. मी वरडलो, पर कोण जागं हुतं?" क्षणभर शांतता पसरली. मग कोणीतरी म्हणालें, "आबास्नी अजून जर्मनच दिसतोय!" आणि सारे हंसले. माझे वडीलही तेथें होते. त्यांनीं भावाला हाताला धरून घरीं आणलें आणि पंचांना सांगितलें, त्यांचं काय मनावर घेऊं नका. आबांचा शब्द कोणीं लिहून घेतला नाहीं.

सालगड्यावर कांहींच शाबीत झालें नाहीं. पण काम गेलें आणि गांवांत त्याला कोणी उभें करीना. आठवड्यानें तो बायकोमुलांसह निघून गेला. त्याचा मुलगा शाळेंत माझ्या शेजारीं एका पट्टीवर बसत असे. आणि खरी बोच इथेंच आहे, श्रोतेहो. त्या पहांटे गंजीवरून आलेले आबा आजीला ठिणग्यांची हकीकत सांगत होते, तेव्हां मी जागा होतों. कोणाचें नांव कोणाच्या तोंडीं येण्यापूर्वीं, संशय निर्माण होण्यापूर्वीं त्यांनीं तें सांगितलें होतें. हें मी बोललों असतों, तर आबांचा शब्द मागाहून रचलेला नाहीं, एवढें तरी ठरलें असतें. पण वेड्याच्या बाजूनें बोललों तर मलाही हंसतील, या भीतीनें मी गप्प बसलों. पुढल्याच वर्षीं त्याच गुऱ्हाळाच्या ठिणग्यांनीं भर दुपारीं, दहा माणसांच्या डोळ्यांदेखत दुसरी गंज पेटली. मग सर्वांना समजलें. त्या सालगड्याला शोधून आणावयास मात्र कोणी गेलें नाहीं. आबांकडे येऊन कोणी चूकही कबूल केली नाहीं.

कित्येक वर्षांनीं मीं कुतूहलानें साक्षीचा कायदा चाळला, तेव्हां थक्क झालों. १८७२ च्या भारतीय साक्ष कायद्याच्या ११८ व्या कलमाखालीं स्पष्टीकरण दिलेलें होतें कीं, मनुष्य वेडा आहे एवढ्याच कारणानें तो साक्ष देण्यास अपात्र ठरत नाहीं. विचारलेला प्रश्न समजण्यास आणि त्याचें सुसंगत उत्तर देण्यास त्याचें वेड आड येत असेल, तरच तो अपात्र. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्यांतही हें तत्त्व कायम आहे. म्हणजे ज्या माणसाला गांवानें दारांतून परत पाठविलें, त्याला न्यायालयाचें दार दीडशें वर्षें उघडें होतें. कायदा असें म्हणत नाहीं कीं वेड्याचें सारें खरें माना. तो म्हणतो, ऐका आणि मग पारखा. साक्षीदार कोठें उभा होता? तेथून त्याला दिसणें शक्य होतें काय? जमिनीवरच्या खुणा त्याच्या शब्दाला दुजोरा देतात काय? त्या रात्रीं वाऱ्याची दिशा कोणतीही म्हातारी सांगूं शकली असती. चुलवाण आणि गंज यांतलें अंतर पावलांनीं मोजतां आलें असतें. त्यासाठीं स्कॉटलंड यार्डाची गरज नव्हती. फक्त न हंसण्याची गरज होती.

रटलेज नेमकें हेंच करतो. तो हिकमवर आंधळा विश्वास टाकीत नाहीं आणि त्याला झिडकारीतही नाहीं. त्याचा शब्द तो धाग्यासारखा हातीं धरतो आणि खेड्यांतल्या इभ्रतदार लोकांच्या शब्दांना घांसून पाहतो. सभ्य, शुद्धीवर असलेलीं माणसें किती गोष्टी लपवितात, हें त्यांतूनच बाहेर येतें. आणि हें त्याला साधतें, कारण तुटलेलें मन आंतून कसें असतें हें त्याला ठाऊक आहे. जें त्याचें व्यंग, तेंच त्याच्या तपासाचें हत्यार ठरतें. आबांचेंही तसेंच होतें. ज्या दुखण्यामुळें आम्ही त्यांना खुळे म्हणालों, त्याच दुखण्यानें त्यांना त्या रात्रीं जागें ठेविलें होतें. सारें शहाणें गांव झोंपलें होतें. पहाऱ्यावर एकच माणूस होता, आणि तोच आम्हांस साक्षीदार म्हणून चालला नाहीं.

आबा जाऊन आतां चाळीस वर्षें होत आलीं. त्यांचीं पदकें आईनें धान्याच्या कणगीजवळच्या पेटींत ठेविलीं होतीं. तीं आतां माझ्याकडे आहेत. कधीं तरी फडक्यानें पुसतों. पण त्यांना इटलींत काय दिसलें, हें आमच्या घरांत एकानेंही कधीं विचारलें नाहीं.

श्रोतेहो, तुमच्यापैकीं पुष्कळांचीं मूळ गांवें घाटावर किंवा कोंकणांत आहेत. तेथील एखाद्या माळ्यावर, एखाद्या ट्रंकेच्या तळाशीं असें पदक, पलटणीचा बिल्ला किंवा पेन्शनीचा पिवळा कागद सांपडेल. तो कोणाचा, हें घरांतील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. आणि आजही सरहद्दीवरून सुटीवर आलेला कोणी नातलग जेवतां जेवतां मध्येंच थांबून गप्प झाला, तर त्याची थट्टा करूं नका, देवऋषीकडे धाडूं नका. जवळ बसा, आणि तो बोललाच तर पुरतें ऐकून घ्या. गरज वाटली तर चांगला डॉक्टर गांठा.

त्या सालगड्याचा मुलगा आज हयात असेल तर माझ्याच वयाचा असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडेल, अशी आशा मी धरीत नाहीं. तरीही जी साक्ष मीं दहाव्या वर्षीं द्यावयास हवी होती, ती आज दिली आहे.